टाकीवरचं कुटार

हेमलाच्या नाकाला डिझेलचा वास येत नसे. तांड्यातल्या लहानसहान पोरांनाही हे ठाऊक होतं. धनज गावाच्या पलीकडे माळावर गिट्टीची खदान आहे, तिथं तो टाकीवर होता. टाकीवर म्हणजे डिझेलच्या टाकीवर. पोकलेन, डंपर, क्रशरचं जनरेटर, सगळ्यांचं पोट त्याच्या हातून भरायचं. टाकीला लागून पत्र्याचं शेड होतं. त्यात नव्या ऑइलचे ड्रम, इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलचे ड्रम आणि बॅटरीत घालायच्या तेजाबाचे डबे असत. इतकी वर्षं त्या वासात काढल्यावर नाकानं एक दिवस मुकाट्यानं काम सोडून दिलं होतं.

नाक नानीबाईचं शाबूत होतं. नवरा कामावरून आला की ती त्याला कुडाबाहेरच उभा करी. कपडे बाहेर, आंघोळ बाहेर, मग घरात. म्हैससुद्धा तुमाले पाहून मान फिरवते, असं ती चारचौघांत सांगायची आणि हेमला हसून खाली बघायचा. तो मुळातच कमी बोलणारा माणूस. चार माणसांसमोर उभं राहायचं म्हटलं की तो मागच्या मागं सरके.

खदान वर, तांडा खाली आणि मधून नाला. हा नाला खदानीच्या उतारावरून निघतो, बाभळींच्या गर्दीतून वळसा घेतो आणि तांड्याच्या विहिरीला अगदी खेटून पुढं जातो. विहिरीचे झरे त्या नाल्याच्याच जिवावर. पावसाळ्यात तर नाला फुगला की त्याचं पाणी विहिरीच्या खालच्या काठावरून आत डोकावतं. हे सगळं तांड्याच्या जन्मापासून असंच होतं आणि खदान आली तेव्हा कुणाच्या मनात त्याबद्दल काही आलं नव्हतं.

ते आलं नीलिमा मॅडममुळे. खदानीच्या कंपनीनं सुरक्षेच्या कामासाठी मंगरूळपीरची ही पोरगी नेमली होती. स्कूटीवर यायची, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. पहिल्याच दिवशी ती ऑफिसात बसली नाही. हेमलाला म्हणाली, काका, माझ्यासंगं जरा चाला. टाकीपासून ती उतारानं खाली निघाली, नाल्यानाल्यानं विहिरीपर्यंत आली आणि काठावर टेकली. या विहिरीचं पाणी कोण पितं, असं तिनं विचारलं. हेमलानं सांगितलं, आमीच.

तिनं वर खदानीकडे बोट केलं. मग म्हणाली, "काका, टाकी कंपनीची असन. पण ते सांडलं तं तुमच्या घरी येते."

हेमलाच्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं होतं ते पुढं कधी उठलंच नाही.

नीलिमानं खदानीवरच्या सगळ्यांना जमवून समजावलं होतं. डिझेल सांडलं, ऑइल सांडलं, तर त्यावर पाणी मारायचं नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं. पाणी जाईल तिथं ते जातं. आधी जिथून गळतंय ते बंद करायचं, मग मुरमाची पाळ घालून अडवायचं, मग शोषून घ्यायचं आणि उचलायचं. तेजाबासाठी चुना ठेवायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाण्याच्या टँकरवरचा किसन तर सगळ्यात जोरात डोलवत होता.

आता या किसनचं सांगायला पाहिजे. खदानीतल्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून दिवसभर पाणी मारत फिरायचं, हे त्याचं काम. पण तो नुसता धुळीचा माणूस राहिला नव्हता. कुठं ऑइल सांडलं, कुठं ग्रीस पडलं, कुणाचा डबा उपडा झाला, की किसन टँकर मागं घेऊन पाइप सोडायचाच. सपकन जागा स्वच्छ. सगळी खदान त्याला त्यासाठी शाबासकी द्यायची. ती घाण पुढं कुठं जाते, हे बघायला उताराखाली कोण जातं?

शोषून घ्यायचं ते कशानं, हा प्रश्न राहिला. त्यासाठी एक पांढरं जाड कापड मिळतं, ते नागपूरहून येणार होतं. ते येतच राहिलं. दिवाळी होऊन गेली होती, शेताशेतात सोयाबीनच्या कुटाराचे ढीग पडले होते. शेंगा मळून दाणा काढला की मागं राहतो तो भुसा, तेच हे कुटार. हेमलानं दोन दिवस मनातल्या मनात जुळवाजुळव केली आणि मग नीलिमाला विचारलं, मॅडम, कुटार चालन का? घरी तेल सांडलं की नानीबाई तेच टाकते.

नीलिमा हसली नाही. तिनं एका टोपल्यात कुटार घेतलं, त्यावर काळं ऑइल ओतलं आणि उकिडवी बसून बघत राहिली. कुटारानं ऑइल धरलं. मग तिनं आपल्या बाजूनं दोन अटी घातल्या. कुटार कोरडंच राहिलं पाहिजे, ओलं झालं तर काही कामाचं नाही; आणि एकदा का कुटार ऑइल प्यालं, की ते जनावराच्या तोंडाजवळ जाता कामा नये. पोती भरली गेली, शेडमध्ये फळीवर थप्पी लागली. पहिलं पोतं हेमलाच्या घरच्या कुटाराचं होतं.

सुपरवायझर प्रसेनजित हा धनजचाच. गडी कामाचा, पण जीभ वाकडी. मॅडमनं सांगितलं म्हणून त्यानं पत्र्याच्या पाटीवर रंगानं लिहिलं, ‘सांडलं तर : हेमला’, आणि ती पाटी शेडवर ठोकली. मग चार पावलं मागं जाऊन बघत म्हणाला, "हेमलाभाऊ, निवडणुकीले उभे राह्यल्यासारखे दिसता." त्या दिवसापासून डंपरवाले हेमलाला ‘सांडलं तर’ याच नावानं हाक मारू लागले. तांड्यात वेगळी चेष्टा. हेमला कंपनीच्या टाकीले चारा घालते, असं बाया पाणवठ्यावर म्हणत. तो ऐकून घ्यायचा. रोज सकाळी मात्र थप्पीवरून हात फिरवून पोती कोरडी आहेत की नाही, हे बघितल्याशिवाय तो टाकीचं कुलूप काढत नसे.

उन्हाळा लागला. त्या वर्षी चारा लवकर संपला. मे महिन्यात नीलिमानं रंगीत तालीम ठेवली. खऱ्या डिझेलऐवजी तिनं एका ड्रममध्ये पाण्यात गेरू कालवला आणि कुणाला न सांगता तो टाकीजवळ आडवा केला. लाल लोंढा उताराकडे निघाला. प्रसेनजितनं आरोळी दिली. हेमला शेडकडे पळाला आणि त्यानं वरचं पोतं खेचलं.

पोतं जवळजवळ हवेत उडालं, इतकं हलकं. वर मूठभर कुटार, खाली सिमेंटच्या कागदी पिशव्या चुरगळून कोंबलेल्या. दुसऱ्यात वाळलं गवत. तिसऱ्यात तुराट्यांचे तुकडे. थप्पी बाहेरून शाबूत होती आणि आतून पार पोकळ.

तो पोती उपसत होता तेवढ्यात मागं पाण्याचा सपकारा ऐकू आला. किसननं टँकर लावला होता. मोठ्या निष्ठेनं त्यानं गेरूचा थेंबन्‌थेंब धुऊन नाल्यात घातला, पाइप गुंडाळला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला. डंपरवाले पोट धरून हसत होते. प्रसेनजितही हसत होता, पण नीलिमाकडे बघून त्यानं तोंड मिटलं.

ती नाल्याच्या कडेनं खाली चालू लागली. हेमला मागोमाग गेला. कोरड्या नाल्याच्या रेतीवरून एक लाल रेघ वळणावळणानं उतरली होती. बाभळींतून वळसा घेऊन ती विहिरीपासून हाकेच्या अंतरावर येऊन जिरली होती. हेमलानं वाकून ती लाल रेती हातात घेतली. रंगाला वास नसतो. पण तो दिसतो तरी. डिझेल असतं तर त्याला स्वतःला ना दिसलं असतं, ना कळलं असतं.

घरी आला तर गव्हाणीत कुटार होतं.

आपलं कुटार कधीच संपलं होतं, हे त्याला माहीत होतं. कोपऱ्यात एक शेवटचं पोतं तेवढं अडीअडचणीला बांधून ठेवलेलं. मग हे आलं कुठून, असं त्यानं विचारलं. नानीबाईनं काही लपवलं नाही. जळतण आणायला वर गेले की थोडं थोडं आणते, पोतं रितं दिसू नये म्हणून हाती लागेल ते कोंबते, म्हणाली. तिचं पाहून इतरांनीही आणलं.

"कुटार आपलंच होतं," ती म्हणाली, "अन् म्हैसबी आपलीच हाय. थे तुमचं डिझेल कवा सांडन कोण जाणे. म्हशीले आज भूक लागली."

हेमला भांडला नाही. त्यानं एवढंच सांगितलं, की उद्या पाण्याला जाशील तेव्हा बाभळीच्या वळणावर खाली बघ.

दुसऱ्या दिवशी नानीबाई घागरी घेऊन गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा परतली. आल्यावर घागरी उतरवल्या, कोपऱ्यातलं ते शेवटचं पोतं ओढलं, डोक्यावर घेतलं आणि भर दुपारी, सगळी माणसं सावलीला बसलेली असताना, तांड्याच्या मधल्या वाटेनं खदानीकडे निघाली. एका ओट्यावरून कुणीतरी विचारलं, हे व काय, कुठी चालली? नानीबाई थांबली नाही. "टाकीले चारा घालाले," म्हणाली.

त्या संध्याकाळी दौलतसिंग नायकाच्या दारात माणसं बसली. नायक म्हातारा, ऐकू कमी यायचं, पण तांड्यात शब्द त्याचाच चालायचा. हेमलाला सगळ्यांपुढं उभं राहावं लागलं. शब्द मागंपुढं झाले, तरी त्यानं सांगितलं. लाल रेघ कुठवर आली ते सांगितलं. कुणी म्हणालं, आमच्या गाईच्या तोंडचं काढून कंपनीला काहून द्यायचं? कंपनीनं आणावं की. ते बोलणं खोटं नव्हतं आणि हेमलानंही ते खोडलं नाही. कंपनीचं येईल तेव्हा येईल, विहीर मात्र आपली आहे, इतकंच तो म्हणाला आणि खाली बसला.

नायक उशिरानं बोलला. श्रावणात तीज बसते. तांड्याच्या कुवार पोरी टोपल्यांत गहू पेरतात आणि रोज त्याच विहिरीचं पाणी आणून, गाणी म्हणत, त्याला घालतात. गव्हाचे अंकुर कसे येतात त्यावरून घरोघरी वर्षाचा अंदाज बांधला जातो. "दुसऱ्याच्या विहिरीवर तीज वाढवाची का आपण?" एवढंच नायकानं विचारलं.

ठरलं असं, की ज्याच्याकडे आहे त्यानं एक पोतं द्यायचं. सोयाबीन निघालं की प्रत्येकानं नवं पोतं टाकीवर ठेवून आपलं जुनं घरी न्यायचं, म्हणजे टाकीवरचं कुटार कुजायचंही नाही आणि फुकटही जायचं नाही. काही घरांतून पोती आली, काही घरांतून नुसती तोंडं वाकडी झाली. पण आलेल्या पोत्यांवर ज्यानं त्यानं आपली खूण बांधली होती, कुणी लाल चिंधी, कुणी काळा दोरा. नीलिमानं ऑफिसात भांडून वरून टाकायला ताडपत्री आणि झाकणाचे रिकामे ड्रम मिळवले. यानंतर त्या थप्पीला कुणाचा हात लागला नाही.

राहिला किसन. हेमलाला त्याचा राग नव्हता. हाताला लागलेलं वळण रागवून जात नाही, हे त्याला स्वतःवरून कळत होतं. त्यानं एक युक्ती केली. रोज सकाळी किसनचा टँकर डिझेल घ्यायला आला की हेमला नोझल हातात धरून उभा राहायचा आणि विचारायचा, "सांडलं तर?" किसननं म्हणायचं, "पाणी नाई." म्हटल्याशिवाय डिझेल नाही.

पहिल्या आठवड्यात किसन हसला. मग चिडला. काका, मी का बालवाडीत हाव, असं म्हणून एकदा तर निघून गेला आणि डिझेल संपून टँकर अर्ध्या रस्त्यात बंद पडल्यावर परत आला. हेमला तिथंच होता, नोझल हातात. "सांडलं तर?" डंपरवाल्यांना यात मोठी गंमत वाटू लागली, ते लांबून किसन दिसला की तोच प्रश्न ओरडून विचारायचे. किसनचं तोंड आंबायचं, पण उत्तर यायचं.

श्रावणात तीज बसली. नायकाच्या दारी टोपल्या हिरव्या झाल्या. खदानीचं काम पावसानं अर्ध्यावर आलं होतं, तरी मशिनी चालू होत्या आणि डिझेल लागत होतं. तीज उठायच्या, म्हणजे टोपल्यांची बोळवण व्हायच्या, आदल्या दिवशी दुपारी डिझेलची गाडी आली. ड्रायव्हर बाहेरचा, घाईतला. गाडीचा पाइप टाकीला जोडला, डिझेल सुरू झालं. पावसानं नुकतीच उघडीप दिली होती, मुरूम चिकट झाला होता. ड्रायव्हरनं चाकाला दगड लावला नव्हता. हेमलानं ते बघितलं आणि दगड आणायला तो वळलाच होता, तेवढ्यात गाडी हलली.

ती फार सरकली नाही. पण पाइप ताणला गेला आणि जोडातून निसटला. गाडीच्या बाजूचं तोंड मोकळं झालं आणि डिझेल धो धो जमिनीवर पडू लागलं. हेमला धावला. गाडीचा कॉक हाताला बुळबुळीत लागत होता. त्यानं अंगातला सदरा काढून त्याभोवती गुंडाळला आणि सगळा जोर लावून फिरवला. धार थांबली. पण जे सांडलं होतं ते पावसाच्या ओघळीत शिरलं होतं आणि उताराची वाट त्याला पाठ असावी तसं निघालं होतं.

"पाणी मारा, पाणी मारा," गाडीचा ड्रायव्हर ओरडत होता.

किसनचा टँकर जवळच उभा होता. हेमलानं मान वर केली तेव्हा किसनच्या हातात पाइप होता आणि दुसरा हात पाणी सोडायच्या चाकावर. त्यानं ते मुद्दाम केलेलं नव्हतं. हात आपोआप गेला होता.

हेमला ओरडला नाही. रोज सकाळी विचारायचा तसंच त्यानं विचारलं, "किसन, सांडलं तर?"

किसन थबकला. त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं. पाइप खाली टाकला, टँकरवरचं फावडं ओढलं आणि ओघळीच्या पुढं जाऊन मुरूम ओढायला लागला.

मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. प्रसेनजितनं इंजिनं आणि बिड्या बंद करवल्या, मग लांब असलेल्या लोडरला वरच्या अंगानं फिरवून नाल्याच्या तोंडाशी मुरमाचा ढीग टाकवला. ओघळीत पाळ बसली, डिझेल तिला येऊन टेकलं आणि तुंबलं. पोती फुटली. लाल चिंधीचं, काळ्या दोऱ्याचं, नानीबाईचं. माणसं ओंजळीनं कुटार पसरत होती आणि कुटार काळपट होत बसत होतं. पश्चिमेकडून पुन्हा आभाळ भरून येत होतं. पाऊस आला असता तर पाळ फुटून सगळं वाहून गेलं असतं. भिजलेलं कुटार फावड्यांनी ड्रममध्ये भरलं, झाकणं लावली, उरल्या जमिनीवर ताडपत्री ओढून कडांवर दगड ठेवले. शेवटचा दगड ठेवला आणि थेंब पडायला लागले. नीलिमा भिजत येऊन पोचली तेव्हा ताडपत्रीवर पाऊस वाजत होता आणि प्रसेनजित ड्रमांची झाकणं पुन्हा एकदा दाबून बघत होता. त्यानं त्या दिवशी एकही चेष्टा केली नाही.

पाळीला टेकलेलं डिझेल अडलं होतं. पण पाळ बसायच्या आधी काही गेलं असेल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. नीलिमा म्हणाली, विहिरीवर चला, आणि बाटल्या घेऊन निघाली. पाणी तपासायला पाठवायचं होतं, पण त्याला दिवस लागणार होते. आणि संध्याकाळ झाली होती. तीजेच्या पोरी पाण्याला निघायची वेळ.

हेमला पोचला तेव्हा त्या विहिरीवर आल्याच होत्या. वरची बातमी खाली आली होती, त्यामुळे गाणं थांबलं होतं. बाया होत्या, नायकही काठी टेकत आला होता. पाण्यावर तवंग दिसत नव्हता. नीलिमानं बाटल्या भरल्या. हेमलानं बादली सोडली, वर ओढली आणि वाकून वास घेतला.

काही नाही. पण त्याच्या नाकाला काही कळत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, त्याला स्वतःलाही. त्यानं बादली नानीबाईपुढं ठेवली.

नानीबाई वाकली आणि लगेच सरळ झाली.

"तुमी आंधी दूर व्हा," ती म्हणाली. "इथी वास तुमचाच हाय."

तो मागं सरला. अजून, अशी तिनं हातानं खूण केली. तो बाभळीपर्यंत गेला, उघड्या अंगानं, डिझेलनं माखलेला. तिनं नवी बादली ओढून घेतली, हात धुतले, ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि तशीच थांबली. मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. पुढं उभ्या असलेल्या पोरीच्या हातातला लोटा घेतला, भरला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

मागून कुणीतरी गाण्याची ओळ उचलली. पोरी ओळीनं नायकाच्या घराकडे चालू लागल्या. नीलिमानं बजावलं, पाण्याचा निकाल येईस्तोवर हे पाणी टोपल्यांनाच घाला, पिण्याचं पाणी मी टँकरनं पाठवते. तो टँकर किसनच घेऊन आला.

सगळे पांगल्यावर नानीबाई बाभळीकडे आली, पण चार हात लांबच उभी राहिली. हेमला वर खदानीकडे बघत होता. शेड रिकामं झालं होतं. पावसाळा निम्मा बाकी होता आणि सोयाबीन निघायला अजून अवकाश होता. आता पोती कुठून आणायची, असं तो स्वतःशीच म्हणाला.

"जमनाबाईच्या घरी दोन हायेत, त्या वख्ती दिली नव्हती तिनं," नानीबाई म्हणाली. "सकाळी मी जातो मांगाले."

"अन् तिची गाय?"

"आता हिरवं उगवलं सारीकडे, गाय कायले कुटार खाते? चाला, अंग धुवा. बाहेरच."